आईच्या विसरण्यामागचं कारण शोधताना: स्मृतिभ्रंशाच्या नव्या तपासण्या, नवे उपचार

पाऊलवाट

आईने एकाच आठवड्यात एकच बिल दोनदा भरलं, तिथून हे सुरू झालं. भरलेलं विसरणं एकवेळ समजू शकते, पण दोन्ही पावत्या समोर ठेवूनही तिला आकड्यांचा मेळ लागेना. आई छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती. कागद-पेन्सिल घेऊन बसली, दोनदा खोडलं आणि "आज डोकं दुखतंय" म्हणून उठून गेली. तिचं डोकं दुखत नव्हतं हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

त्याला आता दीड वर्ष झालं. या काळात जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं, ते सगळं इथे एका जागी लिहून ठेवते आहे, कारण मला सुरुवातीला हे सांगणारं कुणी भेटलं नाही. मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही. चूक असेल तिथे जाणकारांनी दुरुस्त करावं.

पहिल्या डॉक्टरांनी तीस गुणांची चाचणी घेतली. १९७५ पासून जगभर वापरात असलेली: आज वार कोणता, आपण कुठे आहोत, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करत जा. आईला २७ मिळाले. "या वयात एवढं चालायचंच," असं म्हणून त्यांनी परत पाठवलं आणि आम्ही चार महिने निर्धास्त राहिलो. त्या चार महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं. शंभरातून सात वजा करणं गणिताच्या बाईंना झोपेतही जमलं असतं! आयुष्यभर डोकं वापरलेल्या माणसाचा मेंदू आतली पडझड बराच काळ झाकून नेतो, त्यामुळे सोप्या चाचणीत ती दिसत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी 'मोका' घेतली. ही २००५ मध्ये आली. गुण तीसच, पण जास्त खोलात जाणारी: आकडे आणि अक्षरं आलटून-पालटून रेषेने जोडणं, घनाकृती पाहून काढणं, घड्याळात सांगितलेली वेळ दाखवणं, आणि पाच शब्द पाच मिनिटांनी आठवून सांगणं. २६ आणि त्यापुढे साधारण ठीक धरतात. आईला २२. पाच शब्दांपैकी एकच आठवला.

पण मला या डॉक्टरांचं खरं वेगळेपण वाटलं ते पुढे. त्यांनी लगेच 'अल्झायमर' हा शब्द काढला नाही. म्हणाले, "घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणा." त्या पिशवीत दोन गोष्टी निघाल्या. एक, लघवी वारंवार होते म्हणून तीन वर्षं चालू असलेली ऑक्सिब्युटिनिनची गोळी. दुसरी, अंगाला खाज येते म्हणून रात्री घेतली जाणारी जुन्या पद्धतीची ॲलर्जीची गोळी, जी कुणी लिहून दिली होती हेही आता कुणाला आठवत नव्हतं. दोन्ही गोळ्या ॲसिटाइलकोलिन नावाच्या रसायनाचं काम रोखतात, आणि आठवण ठेवायला मेंदूला नेमकं तेच रसायन लागतं. रक्तात बी-१२ सुद्धा बरंच कमी निघालं. थायरॉइड, सोडियम, शुगर ठीक होतं. एक गोळी बदलली, एक बंद केली, बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली.

सहा महिन्यांनी पुन्हा मोका: २५. आई दुपारी पेंगायची ते थांबलं, बोलण्यात पूर्वीची धार आली. मला वाटलं, सुटलो. पण पाच शब्दांपैकी दोनच आठवत होते, आणि डॉक्टरांचं लक्ष तिथेच होतं. म्हणजे काही भाग औषधांचा आणि बी-१२चा होता, काही भाग त्याखाली दडलेला होता.

मग रक्ताची नवी तपासणी झाली, पी-टाऊ २१७. अल्झायमरमध्ये मेंदूत दोन प्रथिनं गोळा होतात. पेशींच्या बाहेर ॲमिलॉइडचे थर, पेशींच्या आत टाऊचे गुंते. १९०६ मध्ये आलोइस अल्झायमर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं ते हेच, पण ते मृत्यूनंतर. जिवंत माणसाच्या मेंदूतलं ॲमिलॉइड चित्रात दिसू लागलं ते २००४ च्या सुमारास, पेट स्कॅनमुळे. नाहीतर पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासायचं. आता त्याच बदलाची चाहूल हातातून काढलेल्या रक्तात लागते. अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने, एफडीएने, मे २०२५ मध्ये अशा पहिल्या तपासणीला मान्यता दिली. पी-टाऊ २१७ आणि ॲमिलॉइड यांचं रक्तातलं गुणोत्तर, ५५ वर्षांवरच्या आणि लक्षणं असलेल्या लोकांसाठी. आईचा निकाल पॉझिटिव्ह आला, नंतर पेट स्कॅननेही तेच सांगितलं.

निदान झालं: अल्झायमरमुळे आलेला सौम्य बोधनऱ्हास. म्हणजे आठवण कमी झालेली आहे, पण रोजचे व्यवहार अजून तिचे तीच करते.

आता नव्या औषधांबद्दल. लेकॅनेमॅब (पूर्ण मान्यता जुलै २०२३) आणि डोनानेमॅब (जुलै २०२४) ही शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडं मेंदूतले ॲमिलॉइडचे थर खरोखर साफ करतात. लेकॅनेमॅबची चाचणी १,७९५ जणांवर दीड वर्ष चालली आणि घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, असं बातम्यांत येतं. १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक ०.४५ गुणांचा आहे. म्हणजे गेलेली आठवण परत येत नाही. औषध घेणाऱ्यांची तब्येतही खालीच जाते, थोडी सावकाश जाते. आणि मेंदूला सूज येणं किंवा बारीक रक्तस्राव होणं हा धोका आहे. सूज लेकॅनेमॅब घेणाऱ्यांत सुमारे १२.६ टक्के, डोनानेमॅब घेणाऱ्यांत सुमारे २४ टक्के लोकांच्या एमआरआयवर दिसली. बहुतेकांना काही जाणवतही नाही, पण काहींना ते जिवावर बेतलं. एपीओई-४ या जनुकाच्या दोन्ही प्रती असतील तर धोका आणखी वाढतो.

आम्ही सगळा विचार करून 'हो' म्हणायला गेलो होतो. पण आईच्या एमआरआयमध्ये जुने बारीक रक्तस्राव सहा दिसले. चारपेक्षा जास्त असतील तर हे औषध देत नाहीत. दार उघडायच्या आत बंद झालं. परतीच्या वाटेवर आई म्हणाली, "बरं झालं, दर पंधरा दिवसांनी सुई नको होती मला." ती मला धीर देत होती.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः पहिल्या तपासणीत 'सगळं ठीक' निघालेल्यांचे.

कुंदकळी

ताई, वाचताना दोनदा थांबले. एक विचारते. साधं विसरणं आणि हे, यात घरच्यांनी फरक कसा ओळखायचा? मीही खोलीत जाऊन 'कशाला आले होते' असा विचार करत उभी राहते.

मेंदूमित्र

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे. पाऊलवाट यांनी लिहिलेलं बरोबर आहे, गोळ्यांच्या पिशवीचा भाग तर मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला देणार आहे.

कुंदकळी, कशाला आले ते नंतर आठवत असेल तर घाबरू नका. मी घरच्यांना विचारतो ते असं: जे काम हा माणूस वर्षानुवर्षं सहज करत होता, ते आता अडखळत करतो का? हिशेब, नव्या यंत्राची बटणं, भेटीची वेळ पाळणं, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा विचारणं, पूर्वी ज्यात रस होता त्यातून मन उडणं. आजवरच्या स्वतःशी तुलना करायची, शेजारच्या समवयस्काशी नाही. घरच्यांनी भरायची आठ प्रश्नांची एडी-८ नावाची प्रश्नावली याच तत्त्वावर आहे. दोन किंवा जास्त 'हो' आले तर पुढे तपासायला हवं.

बदल किती दिवसांत झाला हेही महत्त्वाचं. वर्षभरात हळूहळू झालेला वेगळा. दोन दिवसांत माणूस बरळायला लागला, दिवस-रात्र कळेना, मध्येच गुंगी आणि मध्येच ठीक, तर तो स्मृतिभ्रंश समजून घरी थांबू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, सोडियम उतरणं, नवं औषध, डोक्याला मार लागून आत साचलेलं रक्त, यांपैकी काहीही असू शकतं. त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

आणखी एक राहून जातं. चाल बिघडलेली, पाय जमिनीला चिकटल्यासारखे, लघवीवर ताबा नाही आणि विसरणं, हे तिन्ही एकत्र दिसलं तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठल्याची शंका घ्यावी. शस्त्रक्रियेने ते पाणी वळवता येतं आणि काही माणसं पुन्हा नीट चालू लागतात.

साधासुधा

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. बाबांना ६९ व्या वर्षी निदान सांगितलं. त्याआधी ते विसरायचे, पण हसायचे. सांगितल्यावर सहा महिने खोलीतून बाहेर आले नाहीत. कुणी भेटायला आलं की दार लावून घ्यायचे, आपल्याकडून काही चुकेल या भीतीने. जे बरं करता येत नाही ते इतक्या आधी शोधून आम्ही नेमकं काय मिळवलं? तपासणी नवी आली म्हणून करायचीच का?

पाऊलवाट

साधासुधा, राग कशाचा. बाबांबद्दल वाचून पोटात कालवलं. निकाल सांगायच्या आधी 'तुम्हाला कळायला हवं आहे का, आणि कितपत' हे त्यांना कुणी विचारलं होतं का? आईला डॉक्टरांनी तपासणीच्या *आधी* विचारलं होतं आणि उत्तर द्यायला आठवडा दिला होता. त्या आठवड्याने खूप फरक पडला.

आणि आम्हाला मिळालं ते रक्ताच्या तपासणीतून नाही, त्याच्या आधीच्या पायऱ्यांतून. २२ चे २५ झाले ते त्यातून. शोध सुरूच केला नसता तर ऑक्सिब्युटिनिन आजही चालू असती.

उत्तरायण

मी ७१ वर्षांचा आहे आणि दोन वर्षांपूर्वी मला सौम्य बोधनऱ्हास असल्याचं सांगितलं गेलं. इथे सगळे आमच्याविषयी बोलत आहेत, म्हणून मीही लिहितो. हा मजकूर लिहायला मला दोन दिवस लागले आहेत, पण शब्द माझे आहेत.

साधासुधा, तुमच्या वडिलांची लाज मला समजते. नाव आठवेना की समोरच्याच्या चेहऱ्यावर जी दया येते ती सहन होत नाही. पण मला न सांगता घरात कुजबुज झाली असती तर ती मला याहून जास्त लागली असती. मला कळलं, म्हणून मी बँकेची कागदपत्रं आणि मृत्युपत्र स्वतः समजून सही केलं. मी शेवटच्या काळात कुठे असावं, नळ्या लावाव्यात की नाही, हे मुलीला सांगून लिहून ठेवलं. गाडी चालवणं मी माझ्या हाताने सोडलं, माझ्याकडून किल्ली कुणी काढून घेतली नाही.

आणि हे निदान म्हणजे उतरणच असं नाही. माझ्या डॉक्टरांनी सांगितलं की स्मृतिचिकित्सालयात येणाऱ्या अशा रुग्णांपैकी वर्षाला साधारण १० ते १५ टक्के पुढे स्मृतिभ्रंशात जातात. बरेच वर्षानुवर्षं तिथेच राहतात, काही पुन्हा ठीकही होतात. माझे गुण दोन वर्षं तेच आहेत.

साधासुधा

काका, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. बाबांना कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर आमच्याकडे बघून बोलले, ते बाजूलाच बसले होते.

लंबक

मी संख्याशास्त्र शिकवतो. लक्षणं नसताना ही रक्ततपासणी का करू नये, याचं गणित मांडतो. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा तपासणी १०० पैकी ९० वेळा बरोबर उत्तर देते, आजार असला तरी आणि नसला तरी.

स्मृतिचिकित्सालयात आलेले १,००० लोक घ्या. त्यातल्या ६०० जणांना खरोखर हा बदल आहे. ५४० पॉझिटिव्ह येतील. ज्यांना नाही त्या ४०० पैकी ४० चुकून पॉझिटिव्ह येतील. म्हणजे 'पॉझिटिव्ह' ऐकलेल्या ५८० पैकी ५४० खरे.

आता काहीच तक्रार नसलेले १,००० घ्या, ज्यांत समजा १०० जणांनाच बदल आहे. ९० खरे पॉझिटिव्ह, आणि उरलेल्या ९०० पैकी ९० खोटे. तपासणी तीच, पण निकालाचा भरवसा आता नाणेफेकीइतका. त्यातले ९० जण विनाकारण वर्षानुवर्षं रात्री जागे राहतील.

मेंदूमित्र

लंबक यांनी सुंदर मांडलं. यात दोन गोष्टींची भर. मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल तर पी-टाऊ रक्तात वाढलेलं दिसू शकतं, त्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहिल्याशिवाय हा आकडा वाचू नये. आणि काही निकाल मधल्या पट्ट्यात येतात, ना हो ना नाही. तिथे पेट स्कॅन किंवा मणक्यातलं पाणी लागतंच.

पण या तपासणीचं मोल कमी लेखू नका. २०२४ मध्ये स्वीडनमधला अभ्यास प्रसिद्ध झाला, १,२१३ रुग्णांचा. बोलून, तपासून, साध्या स्कॅनवरून निदान करताना घरच्या डॉक्टरांचं ६१ टक्के आणि तज्ज्ञांचं ७३ टक्के वेळा बरोबर आलं. रक्ताच्या तपासणीचं सुमारे ९० टक्के. मीही त्या तज्ज्ञांपैकीच एक प्रकारचा माणूस आहे. चारपैकी एक निदान चुकतं, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

आजीचीनात

माझी आजी कधी शाळेत गेली नाही. घड्याळ काढायला सांगितलं तर ती पेन उलटं धरून रडायला लागली. तीसपैकी ११ गुण, कागदावर 'तीव्र' असा शेरा. घरी मात्र ती कुणाची किती देणी-घेणी आहेत ते तोंडपाठ सांगते, पंधरा पतवंडांचे जन्मवार सांगते. तो शेरा पाहून मी खूप भांडले. या चाचण्या कुणासाठी बनवल्या आहेत?

मेंदूमित्र

तुम्ही भांडलात ते योग्य केलंत. पेन हातात न धरलेल्या माणसाला घड्याळ काढायला लावणं ही आठवणीची चाचणी होऊच शकत नाही. मोकामध्ये १२ वर्षं किंवा कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात, पण शाळेचं तोंड न पाहिलेल्यांसाठी एका गुणाने काय होणार? त्यांच्यासाठी मोकाची वेगळी आवृत्ती आहे. 'रुडास' नावाची चाचणीही आहे, ऑस्ट्रेलियात २००४ च्या सुमारास तयार झालेली, शिक्षण आणि भाषा यांचा परिणाम कमी व्हावा म्हणूनच. आजींच्या बाबतीत तुम्ही घरी पाहता तेच सर्वांत मोठं मोजमाप. एडी-८ भरा आणि तो कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. पाऊलवाट यांच्या आईंना २७ गुणांनी झाकलं, आजींना ११ गुणांनी उघडं पाडलं, आणि दोन्ही आकडे खोटे होते.

निरंजनी

आमचा अनुभव लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. सासूबाईंना संध्याकाळी खोलीच्या कोपऱ्यात लहान मुलं बसलेली दिसायची. त्या घाबरायच्या नाहीत, "त्यांना पांघरूण दे गं" म्हणायच्या. त्याआधी पाच-सहा वर्षं झोपेत ओरडणं, हात-पाय झाडणं चालू होतं, त्याचा याच्याशी संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. एका दिवशी खूप अस्वस्थ झाल्या म्हणून दाखल केलं. तिथे शांत करायला हॅलोपेरिडॉल दिलं. दुसऱ्या दिवशी लाकडासारख्या ताठ झाल्या, गिळता येईना. अकरा दिवस लागले त्यातून बाहेर यायला, आणि पूर्वीसारखं चालणं परत आलंच नाही.

नंतर कळलं की हा अल्झायमर नव्हता, लेवी बॉडीचा स्मृतिभ्रंश होता, आणि त्यात या गटातली औषधं फार घातक ठरू शकतात. आता त्यांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलं आहे. रिव्हास्टिग्मिन या स्मृतिभ्रंशाच्या औषधाने भास बरेच कमी झाले. मुलं अजून येतात कधीकधी, पण आता ती दारातूनच परत जातात.

म्हणून 'स्मृतिभ्रंश आहे' एवढ्यावर थांबू नका. *कोणता*, हे विचारा.

शंकासुर

दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गेल्या वर्षी लिथियमबद्दल खूप वाचलं, लोक गोळ्या मागवून घेत आहेत. गिंको या झाडाच्या अर्काचं काय? आणि वजन कमी करायच्या त्या नव्या औषधांनी अल्झायमर थांबतो म्हणत होते, त्याचं काय झालं?

पाऊलवाट

लिथियमच्या बातमीच्या रात्री मीही दोन वाजेपर्यंत वाचत बसले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये हार्वर्डच्या गटाचं संशोधन आलं. सौम्य बोधनऱ्हास असलेल्यांच्या मेंदूत लिथियम कमी सापडलं, ॲमिलॉइड ते अडकवून ठेवतं, आणि उंदरांना लिथियम ओरोटेट दिल्यावर त्यांची आठवण सुधारली. कल्पना फार आशा लावणारी आहे. पण उंदरांत ॲमिलॉइड हटवणाऱ्या कितीतरी गोष्टी माणसांत फसल्या आहेत, आणि लिथियम म्हातारपणी मूत्रपिंडाला आणि थायरॉइडला त्रास देऊ शकतं. आईला विचारूनही पाहिलं नाही.

गिंकोचं उत्तर २००८ मध्येच मिळालं आहे. ७५ वर्षांवरच्या ३,०६९ लोकांवर दिवसाला दोनदा १२० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, स्मृतिभ्रंश टळला नाही.

सेमाग्लुटाइड, म्हणजे वजन कमी करायचं तेच औषध, त्याच्या दोन मोठ्या चाचण्यांचा निकाल नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. गोळीच्या रूपात दिलं होतं. आजाराची घसरण मंदावली नाही. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं, कारण गोळी असती तर आईसारख्यांना मार्ग राहिला असता.

लंबक

न फसलेली एक गोष्ट सांगतो, कारण ती मला संख्याशास्त्र म्हणूनही फार आवडली. वेल्समध्ये २०१३ मध्ये नागिणीची लस सुरू झाली तेव्हा नियम होता: २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच लस, त्याआधी जन्मलेल्यांना कधीच नाही. म्हणजे आठवडाभराच्या अंतराने जन्मलेली दोन माणसं, खाणंपिणं, शिक्षण, सवयी सगळं सारखं, आणि एकाला लस मिळाली, दुसऱ्याला नाही. चिठ्ठी टाकून गट पाडावेत तसं आपोआप झालं. सात वर्षांत लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाची नवी निदानं सुमारे एक-पंचमांशाने कमी. हे २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. ती जुन्या प्रकारची लस होती आणि असं का होतं याचा शोध अजून चालू आहे. पण नागिणीसाठी ती लस तशीही उपयोगाची आहेच, त्यामुळे डॉक्टरांना विचारण्यात काही गमावण्यासारखं नाही.

श्रवणा

मी कानाच्या तपासण्या करते. कुणी अजून कानांचा उल्लेख केला नाही म्हणून लिहिते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने बदलता येण्यासारखी १४ कारणं मोजली आणि ती सगळी दूर झाली तर जगातल्या जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंशाला अडवता किंवा लांबवता येईल असा अंदाज दिला. त्यात ऐकू कमी येणं हे मोठ्या कारणांपैकी एक आहे. ऐकू येत नसेल तर मेंदूचा बराच जोर शब्द पकडण्यात जातो आणि माणूस हळूहळू गप्पांतून बाहेर पडतो.

कानाच्या मशीनचा खरा कस २०२३ मध्ये लागला. ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षं. सगळ्यांचा एकत्र विचार केला तर फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच जास्त धोका होता, त्यांच्यात घसरण ४८ टक्क्यांनी मंद होती. म्हणजे प्रत्येकाला मशीन लावलं की झालं असं नाही, पण बीपी, मधुमेह असलेल्या आणि कमी ऐकणाऱ्या आईवडिलांना 'काय करायचं या वयात' म्हणून अडवू नका.

आणि आठवणीच्या चाचणीआधी कानातला मळ काढून घ्या. पाच शब्द नीट ऐकूच आले नाहीत तर आठवणार कुठून? हे मी दर महिन्याला पाहते.

कुंदकळी

व्यायाम, शब्दकोडी वगैरेंनी खरंच काही होतं का?

मेंदूमित्र

नुसत्या कोड्यांचा पुरावा तोकडा आहे. एकत्र केलेल्या प्रयत्नांचा चांगला आहे. फिनलंडच्या 'फिंगर' अभ्यासात (२०१५) ६० ते ७७ वयाच्या, जास्त धोका असलेल्या १,२६० लोकांवर दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचे व्यायाम आणि बीपी-शुगरची देखरेख एकत्र केली, विचारशक्तीत फरक दिसला. अमेरिकेत त्याच धर्तीवर २,१११ लोकांवर झालं, निकाल जुलै २०२५ मध्ये. एका गटाला ठरलेला कार्यक्रम आणि दोन वर्षांत ३८ बैठका, दुसऱ्याला माहिती देऊन 'तुमचं तुम्ही करा' आणि ६ बैठका. दोन्ही गट सुधारले, पहिला थोडा जास्त. काहीच न केलेला तिसरा गट नव्हता, त्यामुळे यातला किती भाग पुन्हा-पुन्हा चाचणी दिल्याच्या सरावाचा, हे सांगता येत नाही.

माझा जीव सगळ्यात जास्त बीपीत अडकतो. २०१९ च्या अभ्यासात वरचं बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचं लक्ष्य ठेवलं, तर सौम्य बोधनऱ्हास होण्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी झालं. अर्थात उभं राहताना चक्कर येणाऱ्या वृद्धांत हे जपून, डॉक्टरांच्या नजरेखालीच.

जाता जाता एक सावधानता. अल्झायमरमध्ये आठवणीसाठी देतात त्या डोनेपेझिलने काहींना लघवीची घाई होते. मग ती थांबवायला ऑक्सिब्युटिनिन दिली जाते, जी डोनेपेझिलच्या बरोबर उलट काम करते. एक पाय ब्रेकवर, एक ॲक्सिलरेटरवर. दोन वेगवेगळे डॉक्टर असले की हे हमखास घडतं. तुमच्या यादीत ही जोडी दिसली तर आपणहून काही बंद करू नका, पण त्याच आठवड्यात दाखवा.

उत्तरायण

पाऊलवाट, आता आईंचं कसं चाललं आहे? त्या काय करतात दिवसभर, हे वाचायला आवडेल.

पाऊलवाट

काका, छान विचारलंत. आई आठवड्यातून दोन दिवस बोधन-उत्तेजनाच्या गटात जाते. सात आठवड्यांत चौदा सत्रं असा तो कार्यक्रम असतो: जुनी छायाचित्रं, शब्दांचे खेळ, बातम्यांवर गप्पा, कुणाचं उत्तर चूक ठरवायचं नाही. पहिल्या दिवशी "मला काय बालवाडीत घालता?" म्हणाली होती. आता गटातल्या एका आजोबांना हिशेब समजावते. कधी अडकते, तेव्हा ते आजोबा थांबून राहतात.

सकाळी आम्ही दोघी चालतो. बीपीची नोंद ती स्वतः वहीत ठेवते, रकाने आखून, पूर्वी विद्यार्थ्यांचे गुण मांडायची तसे. मागच्या महिन्यात दोन दिवस रिकामे राहिले. मी ते भरले नाहीत, तसेच ठेवले, कारण ते रिकामे रकानेही डॉक्टरांना दाखवायचे आहेत.

साधासुधा

काल बाबांच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतली. झोपेची गोळी निघाली, चार वर्षांपासूनची. खाली तळाशी सर्दीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, तीच जुन्या पद्धतीची. बाबा शेजारी बसून एकेक पट्टी उचलून नाव वाचत होते, त्यांना विचारूनच सगळी यादी केली. सोमवारची वेळ घेतली आहे. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं आहे की बोलायचं ते बाबांशी बोला.